डिझेल हाये

नागसेनची गाडी का बंद पडते, हे एकट्या नागसेनला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पांढरकवड्याच्या चंपतच्या मते डिझेल फिल्टर. बेल्लमपल्लीच्या भाग्यलक्ष्मी मॅडमच्या मते बॅटरीचं टर्मिनल. आणखी एका गृहस्थांच्या मते चालवणारा. ही सगळी मंडळी ‘सात सीटर परिवार’ नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपातली. सात माणसांना बसवणारी, दहांना कोंबून घेणारी, तसलीच एक जुनी उंच गाडी ज्याच्या दारात आहे त्याला ग्रुपात प्रवेश. काही जणांची गाडी दारातच होती, हलत नव्हती. त्यांना सल्ला द्यायला जास्त वेळ मिळे.

नागसेन तेलंगणात, बेला मंडलातल्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर. वर्गात पोरांनी एकाच प्रश्नाची दहा उत्तरं दिली तर तो ओरडे, इथं मात्र तो दहाही उत्तरं करून पाही. ग्रुपातल्या प्रत्येकानं आपल्या गाडीला जे लागू पडलं तेच लिहिलेलं असे, त्यामुळं कुणाचा सल्ला खोटा म्हणायची सोय नव्हती. त्यानं फिल्टर बदलला. टर्मिनलवर गरम पाणी ओतलं. टाकीला खालून लाकडानं ठोकलं. एसी बंद ठेवून पाहिला, मग एसी चालू ठेवून काचा उघड्या ठेवून पाहिल्या. चंपतनं लिंबू-मिरची सुचवली तेव्हा नागसेननं लिहिलं, “आमच्यात बांधत नाहीत. जय भीम.” चंपतनं थोडा विचार करून उत्तर दिलं, “जय भीम. मग नुसती मिरची बांधा.”

गाडी घेतली होती बाच्या कमरेसाठी. बा म्हणजे नागसेनचे वडील, मारोती. त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारण्यात गेला. पाठीवर भरलेला पंप, एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातानं नळी फिरवायची. साठीला पंप खाली उतरला, पण कंबर तशीच वाकलेली राहिली. डॉक्टर आदिलाबादला. बसमध्ये उभं राहवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही. म्हणून ही गाडी घेतली, जुनी का असेना. मागच्या काचेवर ठळक निळ्या अक्षरात ‘जय भीम’ लिहून घेतलं, मधल्या सीटवर उशी ठेवली, आणि काही महिन्यांत त्या गाडीपायी बाची कंबर होती त्याहून वाईट झाली.

ते असं झालं.

घेतल्यापासून गाडीचा डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकलेला. टाकी भरा, काटा अर्ध्यावर. टाकी सुकवा, काटा अर्ध्यावर. बाचा तसाही काट्यावर विश्वास नव्हता. पंपात औषध किती उरलं हे ते तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, टोकाला पोचलं की पाहायचे: झाकण उघडायचं, पंप हलवायचा, कान लावायचा. आवाजावरून आणखी किती तासं होतील ते सांगायचे. गाडीलाही त्यांनी हीच रीत लावली. कुठंही चहाला थांबलं की बा कंबर धरून उतरायचे, टाकीचं झाकण उघडायचे, तोंडाला कान लावायचे आणि म्हणायचे, “हालव.” नागसेन खांद्यानं गाडी हलवायचा. बा डोळे मिटून ऐकायचे. “डिझेल हाये.” झाकण बंद. “मार.” नागसेन चावी मारायचा.

झाकणही बाचंच होतं. मूळचं झाकण पैनगंगेपलीकडच्या एका पेट्रोल पंपावर राहून गेलं होतं. ते कुणी विसरलं यावर घरात दोन मतं होती आणि दोन्ही नागसेनविरुद्ध होती. नवं येईस्तोवर बानं आपल्या फवारणीच्या पंपाचं झाकण आणून, आतून सायकलच्या ट्यूबचं वेटोळं घालून, दाबून असं बसवलं की गाडी उलटी टांगली तरी थेंब सांडला नसता. या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं. त्यातून औषध पाठीवर गळायचं, कातडी सोलून निघायची. म्हणून बानं ते जवानीतच ट्यूबचा तुकडा चिकटवून बुजवलेलं. इतकं चांगलं झाकण बसल्यावर नवं आणायचं कुणाला आठवतं?

पहिल्यांदा गाडी बंद पडली ती बा सोबत नसताना. नागसेन आणि त्याची बायको रश्मी आदिलाबादला निघाले होते. जैनथच्या पुढं गाडीनं दोन आचके दिले आणि ती गपकन थांबली. नागसेननं बोनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. त्याला आणखी काही येत नव्हतं. शेवटी घरी फोन केला. शेजारच्या देवाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून, प्रत्येक खड्ड्याला “आई गं” करत बा आले. उतरले. बोनेटकडं त्यांनी पाहिलंही नाही. झाकण उघडलं, कान लावला.

“हालव.”

नागसेननं हलवली.

“डिझेल हाये. मार.”

गाडी सुरू झाली.

हे एकदा झालं असतं तर विसरता आलं असतं. पण बा असले की गाडी कुठंही जायची, बा नसले की मध्येच बसायची, बा आले की पुन्हा उठायची. नागसेननं हे ग्रुपात लिहिलं. मग चंपतचा मेसेज आला: “बाबूजी गाडीतच ठेवा. चालू आहे ते कशाला चेंज करता.” त्याच संध्याकाळी त्यानं बाचा नंबर मागून घेतला, बाला ग्रुपात सामील केलं आणि अॅडमिन करून टाकलं. बा फोनवर फक्त भीमगीतं पाहायचे. आपण अॅडमिन आहोत हे त्यांना कधी कळलं नाही.

मेकॅनिकचा उपाय होता, पण त्यालाही वाट नव्हती. आदिलाबादला फकिराच्या गॅरेजवर गाडी न्यायची तर वाटेत बंद पडू नये म्हणून बाला न्यावं लागे. बा असले की गाडी बंद पडत नसे. “सर, चालणाऱ्या गाडीत मी काय दुरुस्त करू?” फकिरा विचारी. “बंद पडली की आणा.” बंद पडली तर आणणार कशी, हे नागसेननं विचारलं. फकिरा म्हणाला, “बाबाला बसवून आणा.”

मग बा सगळीकडं जाऊ लागले. नागसेनच्या शाळेच्या ट्रेनिंगला बा. रश्मीच्या मैत्रिणीच्या बारशाला बा. बाळाला त्यांनी पाहिलंच नाही, पार्किंगमध्ये उशीवर बसून राहिले. ज्या लग्नात नवरा-नवरीपैकी कुणालाही ओळखत नाहीत अशा लग्नांत बा जेवले. “तुमाले सोयऱ्याधायऱ्यांनं इतकं कदी बोलावलं नाई,” विठाबाई, म्हणजे नागसेनची माय, म्हणायची, “जितकं थे गाडी बोलावते.” बाला आता बोलायचाही कंटाळा आला होता. गाडीचा हॉर्न ऐकला की ते आपोआप उशी काखेत मारून उभे राहत.

आणि मग पंकजच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, रविवार आला.

पंकज रश्मीचा धाकटा भाऊ. साक्षगंध बेल्लमपल्लीला, कोळसा खाणीच्या क्वार्टर्समध्ये, रश्मीच्या माहेरी. म्हणजे आदिलाबाद, इंद्रवेल्ली, उटनूर, आसिफाबाद अशी अख्खी जंगलपट्टी ओलांडून जायचं आणि तसंच यायचं. सकाळी रश्मी रेशमी साडी नेसून तयार, माय तयार, मायची बहीण जयवंताबाई तोंडात चिंच धरून तयार. तिला गाडी लागायची. नागसेननं हॉर्न दिला. बा उठले नाहीत. ओसरीतल्या खाटेवर तोंड भिंतीकडं करून पडून होते.

“बा, चाल ना.”

“मी येत नाई.”

“काऊन?”

“कंबर.”

“बा, तुयाबिगर गाडी जात नाई, तुले माहीत हाये.”

“मंग गाडी ठेव घरी.” बा भिंतीला सांगत होते. “मी का जॅक आहो? का पाना आहो? जॅकाले तरी काम झाल्यावर डिक्कीत झोपू देतेत लेका.”

यावर उत्तर रश्मीनं दिलं, पण नागसेनला.

“मामाजींना राहू द्या,” ती सासऱ्यांकडं पाहत हळूच म्हणाली. “काल रात्री त्यांना कूस बदलता येत नव्हती. अन् ऐका. आज ही रस्त्यात बसली ना, तर उद्या विकायची. माझ्या भावाच्या साक्षगंधाला मी कापसाच्या ट्रॅक्टरात बसून जाणार नाई.”

“विकली तर बाला दवाखान्यात कशी नेऊ?”

“अन् ठेवली तर रोजच न्यावं लागेल त्यांना.”

हे खरं होतं. गाडी राहिली तर बा झिजणार होते, गेली तर बा कुठंच जाऊ शकणार नव्हते. नागसेनला फक्त इतकंच पाहिजे होतं की आज, एकदाच, ही गाडी बाशिवाय जाऊन यावी. त्यानं स्टेअरिंगला हात लावून मनातल्या मनात विनंती केली. शाळा तपासायला आलेल्या साहेबाला करतात तशी.

आदिलाबादला सकाळी टाकी भरून घेतली. पंपावरच्या पोरानं झाकण काढलं, भरलं, दाबून लावलं. मग इंद्रवेल्ली गेली. गाडी छान पळत होती. माय खुशीत येऊन म्हणाली, “पाय बरं, उगाच म्हाताऱ्याले दामटून राह्यला होता तू.” जयवंताबाईनं चिंच काढून हसून दाखवलं. उटनूरच्या अलीकडं, सागाच्या झाडीत, चढावर, गाडीनं दोन आचके दिले.

नागसेननं गाडी कडेला घेतली, म्हणजे गाडी स्वतःच कडेला गेली, तो फक्त सोबत होता. बोनेट उघडलं. आत पाहिलं. बंद केलं.

रश्मी समोरच्या काचेतून जंगलाकडं पाहत होती. “उद्या,” ती म्हणाली.

नागसेननं ग्रुपात लिहिलं. रविवार असल्यानं सगळे डॉक्टर हजर होते. फिल्टर, टर्मिनल, लाकूड, एसी. एकानं गाडीच्या तोंडाची दिशा विचारली. मग भाग्यलक्ष्मी मॅडमनी हिंदीत विचारलं, “बाबूजी कहाँ हैं?”

“घरी,” नागसेननं लिहिलं.

“अय्यो!” असं त्यांनी लिहिलं, आणि त्यामागोमाग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणाच्या मयताला यावी तशी.

मग चंपत आला. “बाबूजींना व्हिडिओ कॉल करा. गाडी दाखवा.”

नागसेननं आपलं बी.एड. आठवलं. मग रश्मीकडं पाहिलं. मग रेंज शोधत मागच्या बंपरवर चढला आणि कॉल लावला.

पडद्यावर घरचा पंखा आला. हळूहळू फिरत होता.

“बा? मी नागसेन. पंखा दिसून राह्यला.”

“मंग पंखाच पाय,” बाचा आवाज आला. फोन हलला आणि पडदाभर एक मोठा केसाळ कान आला.

“बा, फोन कानाले नको लावू, सामोर धर.”

“कानाले नाई लावला तं आयकू कसा येईन?” कान म्हणाला. “पडली का?”

“पडली.”

थकलेला एक श्वास ऐकू आला. “गाडी काय दाखवतं मले. टाकीपाशी जा. झाकण खोल आन् फोन लाव तिथं. मी आयकतो.”

नागसेन टाकीपाशी गेला. आजवर झाकण नेहमी बानंच उघडलं होतं, किंवा पंपावरच्या पोरानं. नागसेननं त्याला कधी हात लावला नव्हता. त्यानं ते फिरवलं. फिरलं, पण निघेना. आतून कुणी धरून बसलंय असं वाटलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून, गाडीला पाय लावून जोर केला.

*फुस्स्स्स्स.*

विहिरीत बुडी मारलेला माणूस वर येऊन छाती भरून श्वास घेतो, तसा लांबलचक आवाज झाला. जयवंताबाईनं दोन्ही पाय सीटवर घेतले. “साप हाये का वं?”

“हां,” फोनमधून बा म्हणाले. “झालं थे. आता हालव.”

“बा, हा आवाज कायचा?”

“कोनता?”

“फुस्स!”

“थे होय. थे तं रोजचंच हाये. श्वास घेते थे.” बाच्या आवाजात कसलंही आश्चर्य नव्हतं. “पंपही घ्यायचा.”

“रोज होते? अन् तू सांगितलं नाई कदी?”

“कोनाले सांगू? तुया ग्रुपानं इचारलं का कदी?” बा म्हणाले. “हालव म्हनलं ना.”

नागसेननं झाकण हातात घेऊन खांद्यानं गाडी हलवली. फोन टाकीच्या तोंडाशी धरला. बेला मंडलातल्या एका खाटेवर पडलेला कान उटनूरच्या चढावरचं डिझेल ऐकत होता.

“डिझेल हाये. मार.”

गाडी सुरू झाली.

माय टाळ्या वाजवू लागली. रश्मी मात्र उतरून नागसेनपाशी आली. तो हातातलं झाकण उलटसुलट करून पाहत उभा होता. मधोमध ट्यूबचा तुकडा, जुना, काळा, घट्ट.

“रश्मी, तेलाच्या डब्याले तू भोकं किती पाडतं?”

“दोन.” ती त्याच्याकडं काळजीनं पाहत होती. “एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तर तेल गळतच नाई. काऊन?”

नागसेननं झाकण तिच्यापुढं धरलं. तिनं पाहिलं. मग टाकीकडं पाहिलं. मग घराच्या दिशेला, जिकडं तिचे मामाजी खाटेवर पडले होते, तिकडं पाहिलं.

“म्हणजे,” ती म्हणाली, “इतके दिवस टाकीत हवाच जात नव्हती. अन् मामाजी उघडत होते म्हणून…”

“हं.”

“अन् त्या बारशालाही आपण त्यांना…”

“हं.”

हसावं की रडावं हे ठरवायला दोघांच्याही अंगात ताकद नव्हती. मग रश्मीनं साडीच्या खांद्यावरची सेफ्टी पिन काढून दिली. नागसेननं ट्यूबच्या तुकड्याला आरपार भोक पाडलं, झाकण बसवलं, आणि उरलेल्या रस्ताभर रश्मी एका हातानं पदर धरून बसली. उटनूर गेलं, आसिफाबाद गेलं. गाडी आचके द्यायला विसरली होती. बेल्लमपल्लीत पंकजनं पहिला प्रश्न केला, “भावजी, मामाजी कुठं आहेत? पडली असेल ना?”

तिथंच नागसेननं ग्रुपात सगळं नीट लिहिलं. झाकण, भोक, हवा, तेलाचा डबा. फोटो टाकला. शिकवायची सवय असल्यानं बाण काढून दाखवला.

मग चंपत: “भोक वगैरे ठीक आहे सर. पण सुरू कधी झाली? बाबूजी बोलल्यावर ना?”

भाग्यलक्ष्मी मॅडम: “वही तो.”

नागसेननं बाण पुन्हा मोठा करून टाकला. कुणीच पाहिला नाही. निर्मलच्या एकानं विचारलं, “अॅडमिन साब का नंबर यही है ना?”

परतीच्या वाटेवर बेल्लमपल्लीतच नवं झाकण घेतलं, बसवलं, आणि बाचं झाकण रुमालात गुंडाळून ठेवलं. दिवे लागायच्या सुमारास गाडी दारात आली. नागसेन धावतच आत गेला. बाला सांगायचं होतं की आता तू मोकळा.

बा खाटेवर बसलेले होते. सकाळपेक्षा दमलेले. फोन चार्जिंगला लावलेला, वायर खाटेपर्यंत ताणलेली, आणि कान लाल झाला होता.

“बा, झोपला नाईस?”

“झोपू कोन देते?” बा म्हणाले. “दुपारपासून लोकायचे फोन. कोनी तेलुगू बोलते, कोनी हिंदी. मले काई समजत नाई. टाकी दाखवतेत. मी म्हनतो, डिझेल हाये. थे म्हनतेत, थँक्यू बाबूजी.”

“अन् गाड्या?”

“चालू होऊन राह्यल्या,” बा त्रासून म्हणाले. “एकाची टाकी कोरडी ठण आयकू आली मले. मी म्हनलं, डिझेल नाई. त्याचीही झाली.”

नागसेन खाली बसला. रुमालातलं झाकण काढून त्यानं बाच्या हातात दिलं, भोक दाखवलं, सगळं सांगितलं. बानं अंगठा भोकावरून फिरवला. ते भोक बुजवलं तेव्हा त्यांची पाठ जळालेली होती, आणि नागसेन अजून चालायला शिकला नव्हता.

“म्हंजे मी नाई आलो तरी चालते आता?”

“चालते बा.”

“बारशालेही?”

“कुठीबी. दवाखान्यात जायचं असन तेवढंच बसायचं. तेही उशीवर.”

“बरं झालं,” बा म्हणाले. झाकण उशीखाली ठेवलं, भिंतीकडं वळायचा प्रयत्न केला, नागसेननं कमरेखाली हात देऊन वळवलं, आणि वळता वळताच त्यांचा डोळा लागला. विठाबाई चादर घेऊन आली तोवर ते घोरत होते.

फोन वाजला.

नागसेननं झडप घालून उचलला, वायर काढली आणि अंगणाच्या टोकाला गेला. पडद्यावर अनोळखी गाडी होती, कुठल्यातरी रस्त्याच्या कडेला उभी, मागं उसाचं शेत, टाकीचं झाकण उघडं. घामानं भिजलेला एक माणूस हात जोडून उभा होता. मागं त्याच्या बायकोनं तोंड फिरवलेलं होतं. ते तोंड कुठल्या कारणानं फिरवलेलं असतं हे नागसेनला माहीत होतं.

“बाबूजी?” तो माणूस म्हणाला.

नागसेन झाकणातल्या हवेबद्दल बोलणार होता. बाण मोठा करून दाखवणार होता. त्यानं मागं वळून खाटेकडं पाहिलं. बाची कंबर आज पहिल्यांदा सैल पडली होती.

त्यानं फोन सावकाश कानाला लावला, म्हणजे पलीकडं फक्त कान दिसेल.

“हालव,” तो दमलेल्या आवाजात म्हणाला.

पलीकडं गाडी हलली. आत काहीतरी डुचमळलं.

“डिझेल हाये. मार.”

गाडी सुरू झाली. का झाली, ते नागसेनला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर जाणून घ्यायची ताकदही उरली नव्हती. “थँक्यू बाबूजी,” पलीकडून आवाज आला. नागसेननं फोनचा आवाज बंद करून तो खिशात टाकला. खिशात तो लगेच पुन्हा थरथरायला लागला.